लेस्ली सरांचा घोगरा आवाज

वसईजवळच्या गास गावच्या मैदानावर टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा लागली, की लेस्ली तुस्कानो रविवारचा घरात सापडत नसे. चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून तो थेट मैदानाच्या कडेच्या मांडवात जायचा, खुर्ची ओढून माईकपुढे बसायचा आणि उन्हं कलेपर्यंत बोलत राहायचा. आठवडाभर तो नालासोपाऱ्याच्या मराठी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायचा. पण आसपासच्या गावांत त्याला ओळखत ते कॉमेंट्रीवाला म्हणून.

"चेंडू उंच... अजून उंच... आणि गेला मार्सेलकाकांच्या केळीत! काका, घडाचं आपण नंतर बघू, आधी चेंडू शोधा, बॅट्समन घाईत आहे!" असं तो म्हणाला की मैदान खदखदून हसायचं आणि मार्सेलकाका पुटपुटत बागेत शिरायचे. त्याचा आवाज भारदस्त वगैरे नव्हता. पण स्वच्छ होता, लांबवर जायचा, आणि त्यात एक खट्याळ सूर होता. भोंगा बंद पडला तरी अर्धं मैदान त्याला ऐकू शकायचं.

तो आवाज बसायला सुरुवात झाली ती एका साध्या सर्दीनंतर. सर्दी गेली, ताप गेला, बसलेला घसा मात्र उठायला तयार नव्हता. सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. शिक्षकाचा घसा बसायचाच. शाळेतल्या बाईंनी ज्येष्ठमध दिलं. शेजाऱ्यांनी हळद-दूध सांगितलं. त्याची बायको ग्लोरिया घरीच लग्नाचे गाऊन शिवायची. तोंडात टाचण्या धरून ती त्याला हातानेच खुणावायची, की बोलू नकोस, गप्प बस. एका डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. त्याने त्या नेमाने घेतल्या. आवाज तसाच राहिला, उलट दिवसेंदिवस खरखरीत होत गेला.

वर्गात मागच्या बाकांवरून "सर, ऐकू येत नाही" असं यायला लागलं. आधी तो जोर लावून बोलायचा. जोर लावला की आवाज फाटायचा आणि पोरं हसायची. मग तो टेबलावर डस्टर आपटून गलका थांबवू लागला. तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोहोचेपर्यंत त्याला धाप लागायची आणि श्वास आत घेताना बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा. तो आवाज ग्लोरियाने पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिला वाटलं, गॅसवर कुकर चढवून आपण विसरलो की काय.

त्या हिवाळ्यात स्पर्धेच्या उपांत्य सामन्याला तो हट्टाने माईकवर बसला. पहिली काही षटकं कशीबशी गेली. मग एक झेल सुटला. त्याने नेहमीसारखं ओरडायला तोंड उघडलं आणि तोंडातून नुसती हवा बाहेर पडली. मैदानावरून कुणी तरी ओरडलं, "माईक खराब झालाय, बदला रे!" पोरांनी धावत जाऊन खरंच दुसरा माईक आणून लावला. दुसऱ्या माईकवरही हवाच. लेस्लीने मान खाली घातली आणि शेजारी धावफलक सांभाळणाऱ्या डेन्झिलच्या हातात माईक दिला. डेन्झिल त्याचाच जुना विद्यार्थी. तो भांबावला. "सर, मला नाही जमणार." लेस्लीने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि तो मांडवाच्या मागच्या बाजूने घरी निघून आला.

दुसऱ्या दिवशी ग्लोरियाने शिवण बाजूला ठेवली आणि त्याला वसईला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घातली. नळीच्या टोकाला कॅमेरा होता. पडद्यावर लेस्लीला स्वतःचा घसा दिसला. शाळेत त्याने फळ्यावर स्वरयंत्राची आकृती कितीतरी वेळा काढली होती: दोन पांढऱ्या पट्ट्या, मध्ये फट. इथे पट्ट्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर फिकट गुलाबी, दाणेदार काहीतरी उगवलेलं होतं, कोवळ्या तुतीच्या घोसांसारखं. श्वासाबरोबर ते घोस हलत होते.

"कॅन्सर?" ग्लोरियाने विचारलं. तो शब्द लेस्लीच्या मनातही होता, पण त्याच्याने तो उच्चारवला नसता.

"दिसायला तसं वाटत नाही. पण काढून तपासावं लागेल, आणि लवकर. श्वासाची वाट अरुंद झालीय," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी मुंबईतल्या एका सर्जनचं नाव दिलं.

त्या सर्जन म्हणजे डॉ. मनोरमा सामंत. पन्नाशीच्या, बुटक्या, भराभर चालणाऱ्या, पण बोलताना मुळीच घाई न करणाऱ्या बाई. त्यांनी तोंडावाटे दुर्बीण घालून ते घोस काढले आणि लेस्लीला बजावलं, की मी सांगेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. जेसिका, लेस्लीची सहावीतली मुलगी, हिने बाबांना आपली जुनी पाटी आणि पेन्सिल आणून दिली.

तपासणीचा निकाल घेऊन दोघं पुन्हा डॉक्टरांसमोर बसले. "पहिली गोष्ट, कॅन्सर नाही," डॉ. मनोरमा म्हणाल्या. ग्लोरियाने क्रूसाची खूण केली. "या गाठींना पॅपिलोमा म्हणतात. त्या एका विषाणूमुळे होतात. मानवी पॅपिलोमा विषाणू."

लेस्लीने पाटीवर लिहिलं, "विषाणूमुळे गाठ कशी?"

विज्ञानाचा शिक्षक समोर आहे म्हटल्यावर डॉक्टरांनी कागद ओढला आणि त्यावर पेशींचे थर काढले.

"स्वरपट्ट्यांवर पेशींचं अस्तर असतं, थरावर थर. तळाच्या पेशी लहान असतात. त्यांचं काम म्हणजे एकीच्या दोन होणं. त्यातली एखादी वर सरकायला लागली, की ती विभागणं थांबवते, मोठी होते, चपटी होते, पट्टीचं रक्षण करण्याच्या कामाला लागते. शेवटी अगदी वर जाऊन झिजते आणि गळून पडते. खालून दुसरी येते. तुमच्या-माझ्या घशात हे आत्ताही चाललंय."

"आणि तो विषाणू?" ग्लोरियाने विचारलं.

"तो तळाच्या पेशीत शिरतो. पेशी वर निघाली, आता हिने थांबायला हवं, मोठं व्हायला हवं. पण तो थांबू देत नाही. त्याला स्वतःच्या प्रती काढायच्या असतात, आणि त्यासाठी लागणारी सगळी यंत्रणा विभागणाऱ्या पेशीतच चालू असते. म्हणून तो पेशीला कच्चीच ठेवतो. अशा कच्च्या पेशींची गर्दी होत जाते. ती गर्दी म्हणजे या गाठी."

लेस्लीने पाटी पुसली आणि भराभर लिहिलं: "म्हणजे पहिलीतली मुलं पास न होता वर्गातच साठत गेली!"

डॉ. मनोरमा मनापासून हसल्या. "आणि नवी ॲडमिशन चालूच! पण एक गंमत आहे, सर. शेवटी त्यालाही त्या पेशी मोठ्या झालेल्या हव्याच असतात. त्याचे पूर्ण तयार विषाणू बांधले जातात ते अगदी वरच्या, पिकलेल्या पेशींत. त्यामुळे तो पेशीचं मोठं होणं कायमचं बंद करत नाही. लांबवतो, बिघडवतो."

"आता गेल्या ना गाठी?" ग्लोरियाने विचारलं.

"दिसत होत्या त्या काढल्या. पण आजूबाजूच्या, वरून चांगल्या दिसणाऱ्या अस्तरातही विषाणू दडून बसलेला असू शकतो. पुन्हा येऊ शकतात. मी खोटा धीर देणार नाही."

घरी येताना दोघांनाही त्या शेवटच्या वाक्यापेक्षा पहिलं वाक्यच जास्त आठवत होतं. कॅन्सर नाही. तेवढ्यावर त्या दिवशी घरात गोडाचं झालं.

त्या आनंदावर विरजण घातलं लेस्लीच्या मोठ्या बहिणीने. लूर्डस नंदाखालला दिलेली. मनाने वाईट नाही, पण तिला मोबाइलवर सगळं वाचायची आणि वाचलेलं लगेच सांगायची सवय. भावाला बघायला आली तेव्हा सोबत वाडीतल्या शहाळ्यांची गोणी घेऊन आली आणि स्वयंपाकघरात ग्लोरियाजवळ हळूच म्हणाली, "मी वाचलं गं त्या विषाणूचं. तो तसल्या संबंधांतून येतो म्हणे. आपल्या लेस्लीला कुठून आला असेल?"

ग्लोरियाने गोणी ओढून कोपऱ्यात लावली. दुपारी लूर्डस गेल्यावर ती शिवायला बसली. कुणाच्या तरी लग्नाचा पांढरा गाऊन मांडीवर होता. शिवण उसवायची, पुन्हा घालायची, पुन्हा उसवायची. अखेर तिने मशीनवरचा हात काढला.

"लेस्ली, मला एकच सांग. दुसरं कुणी होतं का?"

लेस्ली खिडकीपाशी पेपर वाचत बसला होता. त्याने तोंड उघडलं. उत्तर ओठांवर आलं होतं. पण डॉक्टरांची ताकीद आठवून त्याने तोंड मिटलं आणि पाटी शोधली. पाटी सापडेना. तो उठून या खोलीतून त्या खोलीत शोधत फिरला आणि ग्लोरिया त्याच्याकडे बघत राहिली. पुढे कितीतरी दिवस तिला त्या क्षणाचं वाईट वाटत राहिलं, की बिचारा नवरा आपलं निरपराधपण सांगायला पाटी शोधत फिरतोय. जेसिकाच्या दप्तराखाली पाटी सापडली. त्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं, "नाही. कधीच नाही." मग पुसून लिहिलं, "तुझा विश्वास नसेल तर डॉक्टरांना विचारू. दोघं मिळून."

तिने पाटी वाचली. "विश्वास आहे," ती म्हणाली, "पण विचारू या." आणि गाऊनवर डाग पडू नये म्हणून तिने तो आधी बाजूला ठेवला आणि मग रडून घेतलं.

डॉ. मनोरमांनी तो प्रश्न ऐकला तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "दर दुसऱ्या घरात हा प्रश्न येतो," त्या म्हणाल्या. "बहुतेक वेळा माझ्या दारापर्यंत पोहोचत नाही, आतल्या आत माणसं तुटतात. ऐका. हा विषाणू जवळच्या संबंधांतून पसरतो, हे खरं. आईकडून जन्मताना बाळाकडे येतो, हेही खरं. तो अस्तरात वर्षानुवर्षं गुपचूप पडून राहू शकतो. आणि तो इतका सर्रास आहे, की आयुष्यात कधी ना कधी बहुतेकांच्या शरीरात येऊन जातो, त्यांना पत्ताही लागत नाही. लेस्ली सरांना तो कधी आणि कसा आला हे मी सांगू शकत नाही. जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकणार नाही. त्यामुळे या रिपोर्टवरून कुणाच्या वागणुकीचा निकाल लावायचा नाही."

मग त्या ग्लोरियाकडे वळल्या. "तुम्ही तुमची गर्भाशयाच्या मुखाची तपासणी कधी केलीय?"

"नाही."

"करून घ्या. याच्याशी संबंध म्हणून नाही. प्रत्येक बाईने करायची असते म्हणून."

ग्लोरियाने ती करून घेतली. तिचा निकाल चांगला आला. तो घेऊन ती एकटीच नंदाखालला गेली आणि लूर्डसला समोर बसवून तिने सगळं समजावून सांगितलं. काय बोलणं झालं ते लेस्लीला कधी कळलं नाही. एवढंच कळलं, की त्याच आठवड्यात लूर्डसही तपासणी करून आली.

गाठी मात्र परत आल्या.

आवाज जरा कुठे सुधारतोय म्हणेपर्यंत पुन्हा खरखर, पुन्हा शिट्टी, पुन्हा मुंबई. डॉक्टर गाठी काढायच्या, काही महिने बरे जायचे, पुन्हा तेच. दर वेळी भुलीतून जागं होताना लेस्लीला वाटायचं, हे शेवटचं. पुढेपुढे त्याने तसं वाटून घेणं सोडून दिलं. शाळेच्या मुख्याध्यापकांनी चांगल्या मनानेच सुचवलं, "सर, तुम्ही वर्ग सोडा, ऑफिसचं काम बघा. घशाला आराम." तो "विचार करतो" म्हणाला आणि स्टाफरूममध्ये येऊन बराच वेळ नुसता खडू हातात फिरवत बसला. बावीस-तेविसाव्या वर्षी तो या शाळेत लागला होता. वर्गाबाहेरचा लेस्ली तुस्कानो कसा असतो, हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

वर्ग त्याने सोडला नाही. कमरेला बांधायचा छोटा माईक घेतला. पण ज्या दिवसांत माईकचाही उपयोग नसायचा, त्या दिवसांत तो नुसता फळ्यावर लिहायचा. आठवीच्या वर्गाने त्यावर आपणच तोडगा काढला. सरांनी ओळ लिहिली, की सगळा वर्ग एका सुरात ती मोठ्याने वाचायचा. "त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज..." तिसऱ्या मजल्यावरून ती बेरीज खाली रस्त्यावर ऐकू जायची. शेजारच्या वर्गातल्या बाईंनी तक्रार केली, पण मुख्याध्यापकांनी ती कानाआड केली. त्या वर्षी त्या वर्गाला भूमिती बरी आली, असं लेस्ली गमतीने सांगतो.

असाच एकदा तो शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दवाखान्यात बसला असताना एक तरुणी त्याच्यापाशी आली. गळ्यात ओळखपत्र, खांद्यावर जडशी पिशवी. "लेस्ली सर ना? मी क्षितिजा. सामंत मॅडमबरोबर संशोधन करते. उद्या तुमच्या ज्या गाठी निघतील, त्यातला एक तुकडा आमच्या प्रयोगशाळेला द्याल का? तुमची ना नसेल तरच."

"कशासाठी?" त्याने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"हा विषाणू पेशीला मोठं होण्यापासून नक्की कसा अडवतो, ते मी बघतेय. तुमच्या पेशी काचेच्या बशीत वाढवून."

बोलता बोलता निघालं, की क्षितिजा विरारला राहते. तिचे आईवडील रत्नागिरीहून येऊन तिथे स्थायिक झालेले. गास म्हटल्यावर ती म्हणाली, "अहो, आम्ही भाजी घ्यायला तिकडेच येतो!" मग तिच्यातला अवघडलेपणा गेला आणि लेस्लीमधला शिक्षक जागा झाला.

"तुकडा देतो," तो म्हणाला, "पण एक अट. काय दिसतं ते मला दाखवायचं."

संशोधक मंडळी असं आश्वासन देऊन विसरतात, असं ग्लोरियाचं मत होतं. क्षितिजा विसरली नाही. काही महिन्यांनी तिने रीतसर परवानगी काढून दोघांना बोलावलं. पांढरे कोट चढवून दोघं एका थंडगार खोलीत गेले. एका टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडून ठेवला होता.

"आधी हे बघा. निरोगी अस्तर."

लेस्लीने डोळा लावला. गुलाबी पट्ट्यावर जांभळे ठिपके, म्हणजे पेशींची केंद्रकं. तळाला ठिपक्यांची दाट रांग; वर जावं तसे ते विरळ होत गेलेले; अगदी वर माशाच्या खवल्यांसारख्या चपट्या, शांत पेशी. शाळेच्या पुस्तकातलं चित्र इतकं सुंदर कधीच नव्हतं.

"आता हे तुमचं."

इथे ती शिस्त नव्हती. जांभळे ठिपके तळापासून जवळजवळ वरपर्यंत दाटीवाटीने भरलेले. वरच्या काही पेशी सुजल्यासारख्या, ठिपक्याभोवती पोकळ कडं. लेस्ली बराच वेळ बघत राहिला. इतकी वर्षं जे आपल्या गळ्यात बसून आपला आवाज खात होतं, ते असं दिसतं तर. त्याला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. एखाद्या बेशिस्त वर्गाकडे बघताना येतो तसा कंटाळामिश्रित जिव्हाळा आला.

"आणि हे तिसरं," क्षितिजा म्हणाली. आता तिच्या आवाजात थोडी अधीरता होती. "या तुमच्याच पेशी. पातळ पडद्यावर वाढवल्या, खालून खाऊ, वरून हवा. फक्त यात विषाणूची दोन प्रथिनं आम्ही बंद पाडली. आमच्या भाषेत म्हणतो, गप्प केली."

लेस्लीने बघितलं. थर जरा वाकडेतिकडे होते. पण तळाला रांग होती, वर जाताना ठिपके विरळ होत होते, आणि वरच्या कडेला काही पेशी चपट्या झाल्या होत्या. त्याच्याच पेशी. रोगट म्हणून काढून टाकलेल्या. त्या मोठ्या होत होत्या.

"म्हणजे त्या बिघडलेल्या नव्हत्या?" त्याने डोळा न काढताच विचारलं.

"मोठं कसं व्हायचं ते त्यांना अजून ठाऊक असतं. कुणीतरी अडवून धरलेलं असतं, एवढंच." मग ती घाईने म्हणाली, "पण सर, हे बशीतलं आहे. घशात असं करायला अजून खूप वेळ लागेल. कदाचित जमणारही नाही. यावरून उद्याची आशा धरू नका, प्लीज."

लेस्ली सरळ झाला. त्याचे डोळे भरले होते, पण तो हसत होता. "मला गप्प करणाऱ्याला तुम्ही गप्प केलंत, बाई. आजच्या दिवसाला एवढं पुरे."

ग्लोरियानेही आळीपाळीने तिन्ही बघितले. तिसऱ्यावर ती थबकली आणि तिच्या धंद्याचंच बोलली, "उसवलेलं पुन्हा शिवल्यासारखं दिसतंय."

त्यानंतरचा बदल आला तो वेगळ्याच बाजूने. डॉ. मनोरमांनी एक दिवस दोघांना बसवून सांगितलं, की मुळात कॅन्सरसाठी वापरलं जाणारं एक औषध या गाठींवरही चालतं असं अलीकडे बऱ्याच ठिकाणी दिसून आलंय. गाठींना रक्त पुरवणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या ते वाढू देत नाही. सलाईनमधून द्यायचं. रक्तदाब वाढू शकतो, मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो, सतत तपासण्या कराव्या लागतील. "विषाणू जाणार नाही," त्या म्हणाल्या, "पण गाठींची उपासमार होईल. विचार करून सांगा."

दोघांनी विचार केला. लूर्डसला विचारलं, फादरांनाही विचारलं. फादर म्हणाले, "मला काय विचारतोस? डॉक्टर काय म्हणते ते कर, मी प्रार्थना करतो." औषध सुरू झालं. रक्तदाब खरोखरच वाढला, त्याला गोळी लागली. अंगात थकवा असायचा. पण पुढच्या वेळी नाकातून नळी गेली आणि पडद्यावर चित्र उमटलं, तेव्हा डॉ. मनोरमा खुर्ची पुढे ओढून पडद्यावर वाकल्या. मग त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला. घोस आक्रसून गेले होते. त्यांच्या मागे, कितीतरी दिवसांनी, दोन पट्ट्या दिसत होत्या. पूर्ण पांढऱ्या नव्हत्या, कडा थोड्या खडबडीत होत्या. पण उघडत होत्या, मिटत होत्या.

जुना आवाज काही परत आला नाही. इतक्या वेळा कापाकापी झालेल्या पट्ट्यांकडून तशी अपेक्षाही नव्हती. नवा आवाज जाड आहे, घोगरा आहे, दुपारनंतर थकतो. मैदानावरचा माईक डेन्झिलकडेच राहिला. त्याची कॉमेंट्री आता लेस्लीपेक्षा वेगवान झालीय, आणि लेस्ली प्रेक्षकांत बसून शेंगा खात ती ऐकतो. वर्गात मात्र माईक लागत नाही. श्वास मोकळा आहे. ग्लोरियाला तेवढं पुरे आहे.

जेसिकाला लस द्यायची ठरली तेव्हा लेस्लीच्या डोक्यात दुसरंच सुरू झालं. या विषाणूवर लस आहे, ती बायकांना होणारा गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर टाळते, आणि काही लशी घशातल्या या गाठींच्या विषाणूवरही चालतात, हे त्याला डॉक्टरांकडून कळलं होतं. मग शाळेतल्या पालकांना कोण सांगणार? त्याने मुख्याध्यापकांकडे पालकसभेत थोडा वेळ मागितला.

"नाव घेणार का त्या विषाणूचं?" मुख्याध्यापकांनी चाचरत विचारलं. "लोक काहीबाही बोलतील."

"माझ्या घरात बोलून झालंय," लेस्ली म्हणाला.

सभेला ग्लोरिया पहिल्या रांगेत येऊन बसली. लेस्ली उभा राहिला आणि त्याने त्या घोगऱ्या आवाजात सगळं सांगितलं. पेशींचे थर सांगितले, पास न होणाऱ्या मुलांचा वर्ग सांगितला. विषाणूचं नाव घेतलं, तो कसा पसरतो तेही सांगितलं. दोन-तीन पालक उठून गेले. मागे कुणी तरी फिसकन हसलं. लेस्ली थांबला नाही. "माझ्या बायकोने मला विचारलं," तो म्हणाला, "आणि मला तोंडाने उत्तर देता येत नव्हतं. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ येऊ नये. मुलींना लस द्या. डॉक्टरांना विचारून मुलांनाही द्या. बायकांनी तपासणी करून घ्या. लाजायचं कारण नाही."

सभा संपल्यावर बायका ग्लोरियाभोवती जमल्या. कुठे जायचं, दुखतं का, कितव्या वर्षी घ्यायची. गावातल्या, चाळीतल्या, नव्या टॉवरमधल्या, सगळ्या एकाच घोळक्यात. पुढच्या महिन्यात लूर्डस आपल्या दोन्ही नातींना घेऊन लस द्यायला गेली आणि परत येताना शहाळी घेऊन गासला उतरली.

आता लेस्ली ठरल्या वेळी मुंबईला तपासणीला जातो. गेल्या खेपेला डॉ. मनोरमांनी त्याला बाजूला घेतलं. "सर, एक काम कराल? बाहेर सफाळ्याची एक बाई बसलीय. तिच्या चार वर्षांच्या मुलीला हाच आजार आहे, जन्मापासूनचा. बाई स्वतःलाच दोष देतेय. माझं ऐकून घेते, पण तिला ते पटत नाही. तुम्ही बोलून बघा."

तो बाहेर आला आणि तिच्या शेजारी बसला. मुलगी आईच्या मांडीवर होती, हातात प्लास्टिकचा कावळा. त्याने आपलं नाव सांगितलं, आपल्या गाठींचं सांगितलं.

"दादा, माझ्यामुळंच झालं ना हिला?" बाई म्हणाली. "डॉक्टर म्हनतात बाळंतपनात येतं."

"तुम्हाला ठाऊक होतं का?"

"नाय."

"मग तुम्ही काय केलंत? तुम्ही तिला जन्म दिलात. तो तुमच्याही अंगात न विचारताच शिरला असणार, माझ्यात शिरला तसा."

बाईने पदराने तोंड पुसलं. "बोलंल ना ही मोठी झाल्यावर?"

"आत्ताही बोलतेय की. आणि माझं बघा ना, मी दिवसभर वर्गात बोलतो. पोरं कंटाळतात."

बाई पहिल्यांदा थोडंसं हसली. मुलगी लेस्लीकडे टक लावून बघत होती. मग अगदी बारीक, खरखरीत आवाजात म्हणाली, "गोष्ट सांग."

लेस्लीने तिच्या हातातल्या कावळ्याचीच गोष्ट रचायला घेतली. कावळा निघाला, केळीच्या बागेत शिरला, बागेच्या मालकाने त्याला पाहिलं. तेवढ्यात नर्सने नाव पुकारलं. बाई उठली आणि मुलीला कडेवर घेऊन दाराकडे निघाली. दारातून मुलीने मान वळवली.

"मग कावळ्याचं काय झालं?"

"तू बाहेर ये, मग सांगतो," लेस्ली म्हणाला आणि त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर दुसरं कुणी बसू नये म्हणून त्याने आपली पिशवी उचलून तिथे ठेवली.